पाणी नसलेली बॅटरी

आमच्या ह्यांना टेलिफोन एक्सचेंजमध्ये सगळे ‘पाणक्या’ म्हणायचे. चौतीस वर्षं त्यांनी बॅटऱ्यांना पाणी घातलं, दुसरं काही केलं नाही. बॅटरीला कुठं पाणी घालतात का, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं होतं, आणि त्या एका प्रश्नापायी जन्माची अडकले.

मी तिसऱ्या मजल्यावर ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकांची भली मोठी पाटी. या भोकातली दोरी त्या भोकात खुपसली की कुठली तरी दोन माणसं बोलायला लागायची. शहरभर वीज गेली, रस्त्यावरचे दिवे विझले, तरी आमची पाटी कधी मुकी व्हायची नाही. ती का होत नाही हे बघायला एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात उतरले. लांबच लांब खोली, खिडकी एकही नाही, आणि दोन्ही भिंतींना लागून माझ्या कमरेएवढ्या काचेच्या टाक्या. प्रत्येकीत नितळ पाणी, पाण्यात करड्या पट्ट्या, आणि तळातून सुटलेले बारीक बुडबुडे इतक्या सावकाश वर येत होते की बघता बघता मला पेंग आली. टाक्यांच्या मधून एक माणूस लांब चोचीची झारी घेऊन चालला होता. तो कुजबुजत बोलायचा, खोलीत कुणाला तरी नुकतंच झोपवलं असावं तसा.

“वर तुम्ही जे बोलता ना,” तो म्हणाला, “ते इथून वर येतं.”

असली वाक्यं बोलणाऱ्या माणसापासून लांब राहावं, हे मला वेळेत कुणी सांगितलं नाही. वर्षभरात लग्न झालं. दिवसभर मी वर बोलायची आणि हे खाली माझ्या बोलण्याला पाणी घालायचे.

कामाचा माणूस कसा असतो ते मी ह्यांच्याकडे बघून शिकले, आणि कामाचा माणूस घरात किती नकोसा होतो तेही. दर तासाला रीडिंग. रबरी फुगा लावलेली काचेची नळी टाकीत बुडवायची, थोडं पाणी ओढायचं, आतली काचेची कांडी किती वर तरंगते ते बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्या तरंगण्यावरून त्यांना बॅटरीची तब्येत कळायची. पुढं पुढं तर नुसत्या रंगावरून कळायची. घरीसुद्धा तेच. लेकीला ताप आला की मी पट्ट्या ठेवायची आणि हे तासातासाला आकडा लिहायचे. मी चिडून म्हणायची, अहो, पोरगी आहे ती, टाकी नाही. तर म्हणायचे, म्हणून तर लिहितोय.

नोकरीची दोन वर्षं उरली असताना त्यांच्या काचेच्या टाक्या काढल्या. त्यांच्या जागी काळे बंद डबे आले. झाकण नाही, पाणी घालायला तोंड नाही, आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. साहेब म्हणाले, आता काही करावं लागत नाही, आरामात बसा. हे बसले, पण आरामात नाही. आणि व्हायचं तेच झालं. एका दुपारी वीज गेली आणि वरून दिसायला ठणठणीत असलेल्या त्या डब्यांतला एक आतून कधीचाच गेलेला निघाला. अख्खं शहर अकरा मिनिटं मुकं झालं. चूक ह्यांची नव्हती, सगळ्यांनी तसं सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. पण त्या दिवसापासून ज्याचं झाकण उघडत नाही अशा कुठल्याही वस्तूवर ह्यांनी विश्वास ठेवलेला मला आठवत नाही.

आता तळ्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

डोंगरात वर एक तळं आहे. तिथल्या चौकीत एकच फोन होता आणि त्याची लाइन माझ्या पाटीवरून जायची. चौकीदार म्हातारा होता, एकटा होता. दुपारी दोन-अडीचला, पाटीवर माश्या मारायची वेळ यायची तेव्हा तो फोन उचलायचा आणि विचारायचा, “बाई, ऐकायचंय का?” मी हो म्हटलं की रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचा. मग कानात पाणी यायचं. दगडाला लागून मागं सरणारं पाणी, गवतातला वारा, लांबवर एखादा पक्षी. मी डोळे मिटून बसायची. दोन मिनिटं, फार तर तीन. नोकरी संपेपर्यंत त्या पाण्याचा प्रत्येक आवाज मला ठाऊक झाला होता, आणि तळं मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या काठी एकदा झोपायचं, खिडकी उघडी टाकून, एवढंच माझ्या मनात होतं. मी दागिना मागितला नाही, परदेश मागितला नाही.

हे निवृत्त झाले तेव्हा गाडीमागं जोडायचा एक जुना ट्रेलर आम्ही घेतला. चाकांवरची एक खोली म्हणा ना. ऐसपैस दोघांचा पलंग, बोटभर ओटा, दोन खिडक्या. मी त्याला डबा म्हणायची. पडदे मी शिवले, निळ्या रंगाचे, आणि दुपारचं ऊन त्यातून आत आलं की सगळा डबा पाण्याखाली गेल्यासारखा दिसायचा. त्यात पडून राहिलं की मला वाटायचं, आपण निघालोच आहोत.

आणि तेव्हाच माझ्या श्वासाचं निघालं.

मी घोरते हे मी कधी मान्य केलं नव्हतं. पण एक दिवस हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बारा रात्रींचा हिशोब. झोपेत माझा श्वास कधी थांबला, किती सेकंद थांबला, परत केव्हा सुरू झाला. ओळीनं, वेळ टाकून, सुवाच्य अक्षरात. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि मशीननं काढलेला आलेख सुद्धा इतका नीट नसतो म्हणाले. त्यानंतर मला ते यंत्र मिळालं. पायताणाच्या खोक्याएवढं, त्याला नळी, नळीला मुखवटा. ते रात्रभर हळूहळू हवा सोडत राहतं आणि माझा श्वास थांबू देत नाही. आतमध्ये पाण्याचं छोटं भांडं आहे, ते पाणी कोमट करून हवा ओलसर करतं, म्हणजे घसा सुकत नाही. पहिल्या सकाळी मी उठले तेव्हा वीस वर्षांची झोप झाल्यासारखी उठले. मला रडू आलं.

पण यंत्राला वीज लागते. आणि तळ्यावर वीज नाही.

मग सहा वर्षं आम्ही अंगणात कॅम्पिंग केलं. हसा, शेजारीही हसले. उन्हाळ्यात डब्यात झोपायचो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून. एकदा वीज असलेल्या कॅम्पिंगच्या जागीही गेलो. तिथं ट्रेलरला ट्रेलर चिकटलेला, प्रत्येकात टीव्ही, डोक्यावर रात्रभर जळणारा दिव्याचा खांब. मी म्हटलं, ह्यापेक्षा आपलं अंगण काय वाईट? तळ्याचा विषय काढला की हे म्हणायचे, बॅटरीचं बघतो. बघतो म्हणजे किती बघावं माणसानं? माहितीपत्रकं आणली, वह्या भरल्या, मित्रांना विचारलं, पण घ्यायची वेळ आली की ह्यांचा हात मागं. मला कळत होतं. माझा श्वास भिंतीतल्या तारेपासून लांब न्यायची त्यांच्यात हिंमत नव्हती. आणि त्यांचाच पाय निघत नसेल तर मी जायची हिंमत कुठून आणू?

या वर्षी लेकीकडे दुसरं बाळ झालं आणि मी तीन आठवडे तिच्याकडे गेले. जाताना मी ह्यांना स्पष्ट सांगितलं. मी अडुसष्ट वर्षांची आहे, तळं काही चालत माझ्याकडे यायचं नाही, परत येईन तेव्हा डबा बॅटरीवर चालला पाहिजे. हे हो म्हणाले. चक्क हो म्हणाले. तीन आठवडे फोनवर विचारलं की नुसतं ‘चाललंय’ म्हणायचे, आणि आवाजात इतका उत्साह की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

परत आले तर डबा अंगणात एका कुशीवर कलून उभा. बॅगा खाली न ठेवताच मी दार उघडलं. आत पलंग अर्धा झाला होता. उरलेल्या अर्ध्या जागेत छतापर्यंत लाकडी कपाट, त्याला काचेचं दार, आणि काचेमागं चार जाडजूड बॅटऱ्या, पाण्याच्या, वर बुचं असलेल्या. कपाटातून एक नळकांडं भिंत फोडून बाहेर काढलेलं, कारण असल्या बॅटऱ्या चार्ज होताना वायू सोडतात आणि तो झोपायच्या खोलीत साठून चालत नाही. काम सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. सांध्यात केस शिरला नसता. एक्सचेंजचं तळघर त्यांनी माझ्या डब्यात परत बांधलं होतं.

ह्यांनी मला सगळं समजावून दिलं. दोन रात्रींना यंत्राला लागते तेवढी वीज. ती दुप्पट केली, कारण पाण्याच्या बॅटरीतली निम्म्याहून जास्त वीज कधी उपसायची नाही, उपसली की तिचं आयुष्य घटतं. मग ती पुन्हा दुप्पट केली, कारण एक्सचेंजमध्ये कायम दोन ओळी असायच्या, एक दगावली तर दुसरी. वजन म्हणाल तर आम्हा दोघांच्या वजनाएवढं. म्हणून ओटा काढला, कपडे ठेवायचा खण काढला. काचेच्या दारासमोर एक स्टूल होतं, वर छोटा दिवा, खिळ्याला वही टांगलेली.

मी पलंगाकडे बघत होते. एका माणसाचा पलंग, त्यावर माझी उशी.

“आणि तुम्ही कुठं झोपणार?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न ह्या तीन आठवड्यांत त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

“मी रात्री कुठं झोपतो?” ते म्हणाले.

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी स्टुलाकडे बघितलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला माझा सहा वर्षांचा संसार उलटा दिसायला लागला. हे दुपारी भाजी निवडताना पेंगायचे, पेपर तोंडावर घेऊन घोरायचे, डॉक्टरांच्या बाकावर मान टाकायचे, आणि मी चारचौघांत त्यांची टर उडवायची, की हे बघा, निवृत्त झाल्यापासून आमचे हे दिवसा झोपतात आणि रात्री विश्रांती घेतात. लोक हसायचे, हेही हसायचे. एकदाही म्हणाले नाहीत की अगं बाई, मी रात्रभर तुझं यंत्र ऐकत पडलेला असतो. मी मात्र वीस वर्षांची झोप वसूल करत होते, शेजारच्या माणसाची झोप घेऊन.

मला संताप आला. दुःख नंतर आलं, आधी संतापच. मी म्हटलं, सहा वर्षं, आणि मला कळू दिलं नाही? ते म्हणाले, तुला कळलं असतं तर तूही झोपली नसतीस. मी डब्याचं दार आपटलं, ते परत उघडलं कारण डबा कलला होता, तेव्हा आणखी एकदा आपटलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता, ह्यांनी त्या चार बॅटऱ्या आणल्या होत्या त्याच दुकानात मी गेले. दुकान एक मुलगी चालवते, तिच्या बापाचं होतं, आता तिचं. अंगावर आम्लानं भोकं पडलेला एप्रन, केस वर बांधलेले. माझी सगळी कथा तिनं हातातलं काम न थांबवता ऐकली. मग एकच विचारलं, काकू, तुमच्या यंत्राला वीज लागते किती? मी म्हटलं, ह्यांनी मोजलीय. ती म्हणाली, काकांनी मोजली असेल, तुम्ही मोजलीत का? तिनं मला प्लगमध्ये लावायचं एक मापक दिलं आणि सांगितलं, एक रात्र पाणी कोमट ठेवून झोपा, एक रात्र ते गरम करणं बंद करून झोपा, आणि मला आकडे आणून द्या.

मी दोन रात्री मोजल्या. हे बघत होते, पण विचारायची सोय नव्हती, कारण मी बोलत नव्हते. आकडे बघून मलाच हसू आलं. हवा सोडायला यंत्राला जेमतेम एका लहान दिव्याएवढी वीज लागत होती. बाकीची, निम्म्याहून कितीतरी जास्त, ते वाटीभर पाणी कोमट ठेवण्यात जात होती. जन्मभर पाण्यावर जीव टाकलेल्या माणसाला हे कसं सांगायचं, हा प्रश्नच होता.

बॅटरीवालीनं मग काउंटरवर एक खोकं ठेवलं. लिथियमची, एकच, बारा किलोची. ती म्हणाली, हिला पाणी नाही, हिचा वायू नाही, ही जवळजवळ तळापर्यंत वापरली तरी कुरकुरत नाही. आत हिचा स्वतःचा राखणदार आहे, काही वावगं झालं तर तोच हिला बंद करतो. कडाक्याच्या थंडीत, पाणी गोठेल एवढ्या थंडीत, मात्र चार्ज करायची नाही, तेवढं सांभाळा. पाणी गरम करत झोपलात तर दोन रात्री निघतील, न करता झोपलात तर पाच. वर एक सोलर पॅनल टाका म्हणजे दिवसा भरत राहील. मी विचारलं, हिच्या आत काय चाललंय ते दिसतं का? ती म्हणाली, बारीक पडद्यावर आकडा दिसतो, आत नाही दिसत. मग जरा थांबून म्हणाली, आत कुणाच्या दिसतं, काकू?

मी ती घेतली. बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घालून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

हे तिच्याभोवती दोनदा फिरले. उलटी केली, सुलटी केली. बूच शोधत होते बिचारे.

“हिचं पाणी कुठं बघायचं?”

“हिला पाणी नाही.”

“मग हिची तब्येत कळायची कशी?”

मी आकड्यांचा कागद समोर ठेवला. कागदाला ते नाही म्हणू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. वाचला, परत वाचला, चष्मा पुसून वाचला. मग खुर्ची ओढून बसले. मोजमाप बरोबर आहे म्हणाले. पण बंद डबा आहे, म्हणाले. बंद डबा एकदा मुका झाला होता, अकरा मिनिटं, आणि आदल्या तासाच्या रीडिंगमध्ये काहीही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, अकरा मिनिटं वीज गेली तर मी मरत नाही. डॉक्टर तुमच्यासमोर बोलले होते, यंत्र बंद पडलं तर मला जाग येईल नाहीतर पूर्वीसारखी घोरेन. लग्नानंतर तीस-पस्तीस वर्षं मी यंत्राशिवायच तुमच्या शेजारी झोपले ना? आणि तुम्हीही झोपत होता ना चांगले, ढाराढूर?

“तेव्हा मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

एवढं बोलून ते त्या खोक्यावर हात ठेवून बसले. माझा संताप तिथं संपला. मी त्यांच्या समोरची खुर्ची घेतली. बराच वेळ दोघं त्या बॅटरीकडे बघत बसलो, जशी काय ती पाहुणी आहे आणि तिनंच आता काहीतरी बोलायला हवं. मग मी सांगितलं ते नीट शब्द जुळवून सांगितलं, कारण परत सांगायची माझी तयारी नव्हती.

“श्वास माझा आहे, बॅटरी मी निवडली. मी तळ्यावर जाणार ती दोघांच्या पलंगावर झोपायला. तुम्ही स्टुलावर बसणार असाल तर मी इथंच बरी.”

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात पान्ह्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. कपाटाचं काचेचं दार गवतावर उभं होतं आणि हे एकेक बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली उतरवत होते. डबा हळूहळू सरळ होत गेला. मी मदतीला गेले नाही. काही कामं माणसाला एकट्याला करू द्यावीत. पलंगाच्या फळ्या त्यांनी परत बसवल्या, ओटा बसवला, खालच्या खणात ती बारा किलोची बसवली, छतावर पॅनल टाकलं. स्टूल कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि त्यावर कुंडी ठेवली. चार मोठ्या बॅटऱ्या बॅटरीवालीनं परत घेतल्या.

तळ्यावर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चौकी बंद होती, खिडकीला फळ्या ठोकलेल्या. वाऱ्यानं पाणी दगडांवर येत होतं आणि मागं सरत होतं. मी उतरले आणि उभीच राहिले. जे ऐकत आले होते ते आता समोर होतं आणि ते माझ्या मनातल्यापेक्षा लहान होतं, पण तेच होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. हे शेजारी येऊन उभे राहिले, थोडा वेळ त्यांनीही ऐकलं, आणि मग म्हणाले की रात्रीआधी उजेडात एक चाचणी घेऊ या. म्हटलं, घ्या.

चाचणी म्हणजे दुपारची झोप. मी मुखवटा लावला, यंत्र चालू केलं, पाणी गरम करणं बंद. हे म्हणाले, मी पाच मिनिटं पडतो, चारला रीडिंग घ्यायचंय, तेव्हा मला उठव. आणि माझ्या शेजारी पडले, बूट घालूनच. निळा उजेड डब्यात भरला होता. खिडकी उघडी होती, पडदा आत-बाहेर होत होता, आणि त्याबरोबर उजेडही.

मला झोप येणार नव्हती. ह्या दुपारी कसली झोप? पण मी झोपले नाही तर हे झोपणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं. सोंगात मी तरबेज आहे, रात्रपाळीत शिकले. श्वास संथ सोडायचा, मुठी सैल ठेवायच्या, पापण्या घट्ट मिटायच्या नाहीत. थोड्या वेळानं हे उठले. खण उघडल्याचा आवाज आला, आकडा बघितला, परत येऊन पडले. मी श्वास सोडत राहिले. परत उठले. ह्या वेळी खण उघडला नाही, माझ्यावर वाकून ऐकत राहिले. त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. हसू दाबताना माझे काय हाल झाले ते माझं मला माहीत. मग ते परत पडले. एक बूट खाली पडला. बऱ्याच वेळानं दुसरा.

मी वाट बघत होते तिसऱ्या खेपेची. बाहेर पाणी येत होतं, जात होतं. यंत्र हवा सोडत होतं. मध्येच मला वाटलं, मी पाटीसमोर बसलेय, दुपारचे अडीच झालेत, आणि कुणीतरी मला विचारतंय ऐकायचंय का. आणि मग मला शेजारून ऐकू आलं. आमचे हे घोरत होते. तोंड उघडं टाकून, हातपाय पसरून, निम्म्याहून जास्त पलंग बळकावून. मी हळूच मुखवटा काढला आणि उठून बसले. झोपेत त्यांचा चेहरा किती वर्षांत मी पाहिला नव्हता ते मोजायला गेले आणि सोडून दिलं. कानाजवळ पांढरे केस वाढले होते, ते कापायला झाले होते.

चार वाजले. मी उठवलं नाही. साडेचार, पाच. ऊन पडद्यावरून सरकत पलंगाच्या पायाशी गेलं. मी मांडी घालून त्यांच्या उशाशी बसले होते, पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

सहाच्या सुमाराला ते दचकून उठले. “किती वाजले?”

“सहा.”

“रीडिंग?”

“मी घेतलं नाही,” मी म्हटलं. “झोप कसली, मी मुखवटाही काढून ठेवला होता.”

त्यांनी खणाकडे पाहिलं. उशीवर पडलेल्या मुखवट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मला वाटलं आता रागावतील, वही काढतील, चाचणी वाया गेली म्हणतील. त्यांनी उशी सारखी केली, भिंतीकडे तोंड केलं आणि गुडघे पोटाशी घेतले.

“अजून थोडं झोपलो तर चालेल?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि चालेल म्हणाले.